शंभरातले तीस

१८ सप्टेंबर २०२०, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अबुधाबीत आयपीएल सुरू होणार होती. करोनामुळे मैदाने रिकामी आणि निम्मा देश घरात, मोबाइल हातात घेऊन बसलेला. त्या दिवशी पेटीएमचे ॲप गुगलच्या प्ले स्टोअरवरून नाहीसे झाले. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीपासून होते त्यांचे व्यवहार चालू राहिले; नव्याने घेऊ पाहणाऱ्याला मात्र ते शोधूनही सापडेना. पेटीएमने क्रिकेटच्या निमित्ताने काढलेली कॅशबॅकची योजना जुगाराविषयीच्या आपल्या नियमांत बसत नाही, असे गुगलचे म्हणणे होते. पेटीएमने तो भाग काढून टाकला आणि संध्याकाळी ॲप परत आले.

तसा हा काही तासांचा खोळंबा. पण देशातल्या लहानमोठ्या ॲपवाल्यांना त्याने धडकी भरवली. पेटीएम आणि गुगल पे हे एकाच बाजारातले प्रतिस्पर्धी. त्यातल्या एकाचे दुकान उघडे राहायचे की बंद, हे दुसऱ्याची मालक कंपनी ठरवते, हे त्या दिवशी सगळ्यांना स्वच्छ दिसले. त्यानंतर दहाच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, गुगलने जाहीर केले की ॲपच्या आत जे काही डिजिटल स्वरूपात विकले जाते, म्हणजे गेममधली नाणी, गाण्यांची किंवा मालिकांची वर्गणी, विवाहस्थळांचे सभासदत्व, त्याचे पैसे गुगलच्याच बिलिंग यंत्रणेतून घ्यावे लागतील. त्यातले तीस टक्के गुगलचे. नियम जुनाच आहे, आता तो सर्वांना काटेकोर लागू होईल आणि त्यासाठी ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत मुदत आहे, असे कंपनीने सांगितले. डिजिटल माल विकणारे ॲपवाले तीन टक्क्यांहून कमी आहेत आणि त्यांतले ९७ टक्के आधीपासूनच ही यंत्रणा वापरतात, हेही तिने आवर्जून मांडले.

उरलेल्यांनी मात्र हा प्रश्न स्पर्धा आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. त्याची गोष्ट समजून घ्यायची तर आधी तीस या आकड्याकडे जायला हवे.

६ मार्च २००८ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी कॅलिफोर्नियात आयफोनसाठी ॲपचे दुकान काढत असल्याची घोषणा केली. विक्रीतले सत्तर टक्के ॲप बनवणाऱ्याचे, तीस ॲपलचे. जुलैमध्ये दुकान उघडले तेव्हा त्यात पाचशेच्या आसपास ॲप होती. त्या काळी हा सौदा बनवणाऱ्यांना वाईट वाटला नाही. त्याआधी मोबाइलसाठी सॉफ्टवेअर विकायचे तर टेलिफोन कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागत. आता एकटा प्रोग्रामर घरी बसून जगभर माल विकू शकत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचे दुकान आले, आणि तिथेही बनवणाऱ्याच्या हाती सत्तरच टक्के पडू लागले.

त्या वेळी ॲप एकदाच विकले जाई, म्हणून कमिशनही एकदाच. ॲपच्या आत खरेदीची सोय आयफोनवर २००९ मध्ये आणि अँड्रॉइडवर २०११ मध्ये आली, तेव्हा या व्यवहाराचे रूपच पालटले. ग्राहक एकदा दुकानातून आत आला की पुढे महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षे तो जी वर्गणी भरेल तिच्यातही दुकानाचा वाटा. ग्राहकाची ओळख करून दिल्याबद्दल जे घेतले जात होते, ते आता कायमच्या भागीदारीसारखे झाले. ‘आमच्या वेबसाइटवर हेच स्वस्त मिळेल’ एवढे ॲपमध्ये सांगायलाही मनाई होती. माझ्या मते सगळ्या नियमांतला सर्वांत अन्यायाचा नियम हाच. वाटा किती असावा यावर मतभेद होऊ शकतात. पण आपल्याच ग्राहकाला खरी किंमत सांगण्याची बंदी कशी समर्थनीय ठरेल? २०११ मध्ये ॲमेझॉनने आयफोनवरच्या किंडल ॲपमधून पुस्तकांच्या दुकानाकडे नेणारे बटणच काढून टाकले. वाटा द्यायचा नव्हता आणि दुसरीकडे बोट दाखवायची परवानगी नव्हती. मोठ्या कंपन्यांना असे करणे परवडते, लहानांना नाही.

पहिला उघड संघर्ष अमेरिकेत झाला. १३ ऑगस्ट २०२० रोजी एपिक गेम्स या कंपनीने आपल्या फोर्टनाइट या खेळात स्वतःची पेमेंट यंत्रणा गुपचूप सुरू केली आणि खेळाडूंना दोन किमती शेजारी शेजारी दाखवल्या. ॲपलमार्फत ९.९९ डॉलर, थेट आम्हाला दिले तर ७.९९. त्याच दिवशी ॲपलने आणि पाठोपाठ गुगलने हा खेळ दुकानातून काढला, आणि त्याच दिवशी एपिकने दोघांवर खटले भरले. कागदपत्रे आधीच तयार होती. खटल्यांचे निकाल यायला वर्षे लागली, पण दोन किमतींच्या त्या एका पडद्याने सामान्य ग्राहकाला पहिल्यांदा दाखवले की आपण भरतो त्या पैशातला एक हिस्सा कुठे जातो.

भारतात त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने गुगलची घोषणा आली, आणि इथे परिस्थिती अमेरिकेपेक्षा दोन बाबतींत वेगळी होती. एक म्हणजे आपल्याकडचे बहुतेक सगळे स्मार्टफोन अँड्रॉइडचे. ‘प्ले स्टोअर नको असेल तर दुसरीकडे जा’ या सल्ल्याला इथे काही अर्थ नाही, दुसरीकडे ग्राहकच नाही. दुसरे म्हणजे यूपीआय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेने चहाच्या टपरीपर्यंत क्यूआर कोड पोचवला होता आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचे शुल्क, घेणेच बंद झाले होते. कार्ड, नेट बँकिंग, गेटवेचा खर्च सगळे धरले तरी पैसे स्वीकारण्याची किंमत शंभरामागे दोन रुपयांच्या घरात. ज्या देशात पैसे घेणे जवळपास फुकट झाले होते, त्याच देशात पैसे घेण्याची एक विशिष्ट यंत्रणा सक्तीची होऊन तिच्याबरोबर तीस टक्के येत होते. भारतीय ॲपवाल्यांचा संताप इथून आला, आणि तो रास्त होता.

ऑक्टोबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात स्टार्टअपचे संस्थापक एकत्र येऊ लागले. ५ ऑक्टोबरला गुगलने भारतापुरती मुदत ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढवली. त्याच दिवशी पेटीएमने स्वतःचे ‘मिनी ॲप स्टोअर’ काढले. पण दुकान काढणे सोपे, गिऱ्हाइकाची सवय मोडणे अवघड. प्ले स्टोअरला पर्याय म्हणून ते काही उभे राहिले नाही. नोव्हेंबरात भारतीय स्पर्धा आयोगाने गुगल पे आणि प्ले बिलिंगची चौकशी करण्याचा आदेश दिला. ज्याच्या तक्रारीवरून हे सुरू झाले त्याने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ज्या दुकानावर पोट अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध नाव देऊन उभे राहायला माणूस कचरतो, यात नवल नाही. पुढे अलायन्स ऑफ डिजिटल इंडिया फाउंडेशन, म्हणजे एडीआयएफ, ही संघटना आणि डेटिंग ॲप चालवणारा अमेरिकेचा मॅच ग्रुप उघडपणे या प्रकरणात उतरले.

चौकशी चालू असताना गुगलने आपला आकडा खाली आणला. जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर पंधरा टक्के, आणि जानेवारी २०२२ पासून सर्व वर्गण्यांवर पंधरा टक्के. ॲपलने लहान बनवणाऱ्यांसाठी असेच आधी केले होते. दबाव आल्यावर निम्मा होणारा दर आधी कशाच्या हिशेबाने ठरला होता, हे मात्र कुणी समजावून सांगितले नाही.

दरम्यान दक्षिण कोरियाच्या संसदेने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कायदा करून विशिष्ट पेमेंट यंत्रणेची सक्ती बेकायदा ठरवली. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. जगभरच्या ॲपवाल्यांनी आनंद व्यक्त केला, पण तो फार टिकला नाही. गुगलने कोरियात कायदा पाळला. दुसरी यंत्रणा वापरायला परवानगी दिली आणि अशा व्यवहारावर आपले शुल्क चार टक्क्यांनी कमी केले. बाकीचे शुल्क जागच्या जागी. हा चारचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे भारतातही नेमका तोच आला.

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच दिवसांत दोन आदेश काढले. २० तारखेला अँड्रॉइडच्या करारांबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड, आणि २५ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल ९३६.४४ कोटी. हा दुसरा आदेश आपल्या गोष्टीचा गाभा आहे. स्वतःची बिलिंग यंत्रणा सक्तीची करून गुगलने बाजारातल्या प्रभुत्वाचा गैरवापर केला, असे आयोगाने म्हटले. गुगलच्याच मालकीचे यूट्यूब हे शुल्क भरत नाही, मग त्याच बाजारातले बाकीचे ॲप का भरतात, हा भेदभावही त्याने नोंदवला.

आदेशातला एक मुद्दा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण अशी लढाई किती बारीक जागी लढली जाते ते त्यातून कळते. प्ले स्टोअरवर यूपीआयने पैसे भरताना गुगल पे निवडले की ते ॲप आपोआप उघडे, रक्कम भरलेली असे, पिन टाकला की काम संपले. या पद्धतीला ‘इंटेंट’ म्हणतात. दुसरे यूपीआय ॲप वापरायचे तर ‘कलेक्ट’ची वाट. आपला यूपीआय आयडी हाताने टाईप करा, प्ले स्टोअरमधून बाहेर पडा, दुसरे ॲप उघडा, तिथे आलेली मागणी शोधा, मंजूर करा, पिन टाका, पुन्हा मागे या. कुणाला मनाई केलेली नव्हती, फक्त एकाची वाट सरळ आणि दुसऱ्याची वळणावळणाची. ग्राहक कुठून जाईल हे सांगायला नको. आयोगाने हा फरक चुकीचा ठरवला.

आयोगाच्या आदेशानुसार बाहेरच्या पेमेंट यंत्रणेला मोकळीक द्यायची होती, ग्राहकाला दुसरा मार्ग सांगण्यावरची बंदी उठवायची होती आणि शुल्काबाबत पारदर्शकता ठेवायची होती. शुल्क किती असावे, हे मात्र आयोगाने ठरवले नाही. माझ्या मते सगळी गफलत इथेच झाली.

१ नोव्हेंबर २०२२ ला गुगलने भारतात बिलिंगची सक्ती थांबवली. जानेवारी २०२३ मध्ये, अँड्रॉइडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर, कंपनीने नवी व्यवस्था जाहीर केली, ‘यूजर चॉइस बिलिंग’. ॲपवाल्याने गुगलच्या यंत्रणेशेजारी स्वतःची यंत्रणा ठेवावी, ग्राहक निवडेल. ग्राहकाने ॲपवाल्याची निवडली तर गुगलचे शुल्क चार टक्क्यांनी कमी. पंधराचे अकरा, तीसचे सव्वीस.

हिशेब करून पाहू. एखाद्या विवाहस्थळाच्या ॲपने पाचशे रुपयांची वर्गणी घेतली. गुगलच्या यंत्रणेतून घेतली तर पंधरा टक्क्यांनी पंच्याहत्तर रुपये गुगलला. स्वतःच्या यंत्रणेतून घेतली तर पंचावन्न गुगलला आणि साधारण दहा गेटवेला, म्हणजे पासष्ट. मिळाले दहा रुपये, आणि त्या बदल्यात परतावे, तक्रारी, फसलेले व्यवहार, दर महिन्याचा हिशेब गुगलला कळवणे हे सगळे अंगावर. शेतकऱ्याने बाजार समितीच्या आवाराबाहेर माल विकला तरी त्याच्याकडून जवळपास तेवढीच आडत कापून घ्यावी, तसा हा प्रकार. निवड मिळाली, पण ती करण्यात फायदा उरला नाही.

गुगलची बाजूही नीट मांडली पाहिजे. हे शुल्क पैसे स्वीकारण्याचे नाहीच, असे कंपनी म्हणते. अँड्रॉइड विकसित करणे, दुकान चालवणे, घातक ॲप रोखणे, जगभरच्या ग्राहकापर्यंत पोचवणे यांचा हा मोबदला आहे, आणि बहुसंख्य ॲपवाल्यांना ही सगळी सेवा फुकट मिळते. यात तथ्य आहे. दुकान चालवायला पैसा लागतो. पण मग टॅक्सी बोलावणारे, जेवण मागवणारे, कपडे विकणारे ॲप एक पैसाही का देत नाहीत? तेही तेच दुकान वापरतात, त्यांनाही तीच सुरक्षा मिळते आणि त्यांची उलाढाल कितीतरी मोठी आहे. ‘तो माल प्रत्यक्षातला, हा डिजिटल’ एवढ्या फरकावर सगळे ओझे गोष्टी ऐकवणाऱ्याच्या आणि स्थळे दाखवणाऱ्याच्या खांद्यावर टाकणे मला पटत नाही.

एडीआयएफने दाद मागायची ठरवली, पण आयोगच अपुरा होता. अध्यक्ष अशोककुमार गुप्ता २५ ऑक्टोबर २०२२ लाच, बिलिंगच्या आदेशाच्या दिवशी, निवृत्त झाले होते आणि कोरमला लागणारे तीन सदस्य उरले नव्हते. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निवाडा करणारी संस्था महिनोन्‌महिने अशी ठेवणे ही सरकारची सरळसरळ हयगय होती. नवी पद्धत लागू होण्याची तारीख होती २६ एप्रिल २०२३. त्याच्या दोन दिवस आधी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाला एडीआयएफच्या अर्जावर विचार करायला सांगितले. नव्या अध्यक्षा रवनीत कौर मे महिन्यात आल्या. तोवर भारत मॅट्रिमोनीसह अनेक कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये एकल न्यायाधीशांनी आणि १९ जानेवारी २०२४ ला खंडपीठाने त्यांना परत पाठवले. ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण नाकारले आणि सुनावणी मार्चवर ठेवली.

मग आला १ मार्च २०२४, पुन्हा शुक्रवार. दहा कंपन्या दीर्घकाळ शुल्क भरत नाहीत असे सांगत गुगलने ॲप काढायला सुरुवात केली. तयारीसाठी तीन वर्षांहून अधिक काळ दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरही तीन आठवडे थांबलो, असे गुगलचे म्हणणे. भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी, नाइन्टीनाइन एकर्स, कुकू एफएम, हरियाणवी आणि राजस्थानी बोलीत मालिका दाखवणारे स्टेज, अशी एकेक नावे दुकानातून गेली. यांतली शादी डॉट कॉम आणि कुकू एफएम मुंबईची, आणि कुकू एफएमवर मराठी पुस्तके, कथा ऐकणारा वर्गही होताच. नोकरी, घर, लग्न या मध्यमवर्गीय आयुष्यातल्या तिन्ही मोठ्या गरजांची ॲप एका दिवसात दिसेनाशी झाली.

शनिवारी माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी असे चालू देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. नोकरी आणि नाइन्टीनाइन एकर्स चालवणाऱ्या इन्फो एजची काही ॲप त्याच दिवशी परतली. सोमवारी सरकारच्या गुगलशी आणि स्टार्टअपशी बैठका झाल्या आणि मंगळवारी, ५ मार्चला, गुगलने सगळी ॲप तात्पुरती परत ठेवायचे मान्य केले. शुल्काची बिले मात्र चालूच राहणार होती. आयोगाला, दोन उच्च न्यायालयांना आणि सर्वोच्च न्यायालयाला जे इतक्या काळात साधले नाही, ते मंत्र्याच्या शब्दाने चार दिवसांत झाले. ॲपवाल्यांना तेव्हा हायसे वाटले असेल, पण मला ही बाब काळजीची वाटते. दुकानमालकाच्या मर्जीऐवजी मंत्र्याच्या मर्जीवर धंदा चालणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

१५ मार्चला आयोगाने नव्या बिलिंग पद्धतीची चौकशी करायला सांगितले. तक्रारदारांत शादी डॉट कॉम आणि कुकू एफएम यांच्या मालक कंपन्या होत्या. २० मार्चला त्यांची अंतरिम दिलाशाची मागणी फेटाळली गेली. वर्षभराने, २८ मार्च २०२५ रोजी, राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने २०२२ च्या आदेशावर निकाल दिला. प्रभुत्वाच्या गैरवापराचा ठपका अंशतः कायम राहिला, दंड ९३६.४४ कोटींवरून २१६.६९ कोटींवर आला.

एव्हाना अमेरिकेतही हेच चक्र फिरले होते. गुगलविरुद्ध ज्युरीने ११ डिसेंबर २०२३ ला एकमताने एपिकच्या बाजूने कौल दिला. ॲपलविरुद्धचे बहुतेक मुद्दे एपिक २०२१ मध्येच हरली होती. पण ग्राहकाला बाहेरची वाट दाखवू द्यावी, एवढा आदेश तिने मिळवला होता. ॲपलने वाट खुली केली आणि तिच्यावर २७ टक्के लावले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी हा आपल्या आदेशाचा अवमान ठरवला. कोरियात २६, भारतात ११ आणि २६, अमेरिकेत २७. प्रत्येक ठिकाणी ॲपवाल्यांना यंत्रणा निवडण्याचा हक्क मिळाला आणि प्रत्येक ठिकाणी शुल्काने तो निरुपयोगी केला.

ॲप बनवणाऱ्याला पैसे घेण्याची यंत्रणा निवडण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. पण दुकानाचे भाडे किती, कोणत्या सेवेबद्दल आणि कुणाकुणाकडून, हे दुकानमालकाला वेगळे आणि उघड सांगायला लावल्याशिवाय ते स्वातंत्र्य कागदावरच राहते. ८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुगल, स्पर्धा आयोग आणि एडीआयएफ या तिघांचीही अपिले सुनावणीसाठी दाखल करून घेतली. तिथे दंडाच्या रकमेइतकाच विचार अकरा आणि सव्वीस या दोन आकड्यांचाही व्हायला हवा.